चिठोऱ्यातल्या ओळी

औषधाच्या खोक्यात घडीवर घडी घालून कोंबलेला एक पातळ कागद असतो. मुंगीएवढ्या अक्षरांत त्यावर सूचना छापलेल्या असतात आणि बहुतेक घरांत तो खोक्याबरोबरच केराच्या टोपलीत जातो. मी डॉक्टर नाही. वैद्यकाचे रीतसर शिक्षणही माझे झालेले नाही. गेली वीसेक वर्षे औषधांच्या इतिहासाचा नाद लागला, त्यातून जमवलेल्या वाचनाची काय ती शिदोरी. त्या वाचनातून एक गोष्ट मला पटली आहे. त्या चिठोऱ्यातल्या जवळजवळ प्रत्येक ओळीला एक साल आहे आणि त्या सालामागे कुणीतरी सोसलेले दुखणे आहे. आतड्याच्या दाहावरील औषधांच्या बाबतीत तर हे फार स्पष्ट दिसते.

या दाहाचे मुख्य प्रकार दोन. एकात मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला सूज येऊन व्रण होतात, संडासवाटे रक्त जाते. त्याला अल्सरेटिव्ह कोलायटिस म्हणतात. १८५९ मध्ये सॅम्युएल विल्क्स या लंडनच्या डॉक्टरने त्याचे वर्णन केले. दुसरा क्रोन्सचा आजार. तो तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही होऊ शकतो आणि आतड्याच्या भिंतीत खोलवर शिरतो. १९३२ मध्ये न्यूयॉर्कच्या क्रोन, गिन्झबर्ग आणि ओपेनहायमर यांच्या लेखामुळे त्याला ओळख मिळाली. आपल्याकडे या दोन्ही आजारांना वर्षानुवर्षे ‘जुनी आव’ या एकाच गाठोड्यात बांधले गेले. रक्त पडले की आवेच्या गोळ्या, त्या संपल्या की पुन्हा त्याच. खरे निदान होईपर्यंत रोग्याचे वजन निम्म्यावर आलेले असायचे.

पहिले उपयोगी औषध मिळाले ते चुकीच्या तर्कातून. स्वीडनच्या नान्ना स्वार्ट्स या विलक्षण बाई. १९३७ मध्ये त्या स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेत वैद्यकाच्या प्राध्यापक झाल्या. सरकारी विद्यापीठीय व्यवस्थेत प्राध्यापकपद मिळवणारी स्वीडनमधली ही पहिली स्त्री. संधिवात जंतुसंसर्गातून होतो, असे त्यांचे मत होते. जंतूंसाठी सल्फा आणि सांधेदुखीसाठी सॅलिसिलिक आम्लाच्या कुळातले एखादे द्रव्य, अशी जोडी एकाच रेणूत बांधली तर? फार्मेसिया या कंपनीच्या रसायनशास्त्रज्ञांनी ती बांधून दिली. सल्फापायरिडीन आणि ५-अमायनो-सॅलिसिलिक आम्ल यांना नायट्रोजनच्या दोन अणूंचा सांधा घातला. कापडाच्या रंगांत असतो तोच हा सांधा. गोळी पिवळी-केशरी आणि ती घेणाऱ्याची लघवीही केशरी. रोगी घाबरू नये म्हणून ही ओळसुद्धा चिठोऱ्यात असते. औषधाचे नाव सॅलॅझोपायरिन. आज त्याला सल्फासॅलॅझीन म्हणतात. त्याबद्दल स्वार्ट्सबाईंनी १९४२ मध्ये लिहिले.

संधिवाताच्या रोग्यांना औषध देताना, ज्यांना कोलायटिसही होता त्यांचे पोट सुधारते आहे, हे बाईंच्या लक्षात आले. तर्क सांध्यांचा आणि गुण आतड्याला. १९४८ मध्ये त्यांनी कोलायटिसच्या १२४ रोग्यांचा अहवाल प्रसिद्ध केला. मला त्यातली दुसरी बाजू अधिक मोलाची वाटते. ज्यांना सल्फा सोसत नव्हता, त्यांना अगदी अल्प मात्रेपासून हळूहळू सवय लावण्याचे प्रयोग याच लेखात आहेत. सल्फाची ॲलर्जी असेल तर आधी सांगा, ही ओळ इतकी जुनी आहे. पुरळ उठणे, ताप येणे, पांढऱ्या पेशी घटणे हे धोके त्या पिढीला माहीत होते. म्हणून तर सुरुवातीच्या महिन्यांत वरचेवर रक्त तपासतात. (जाता जाता, संधिवातावर हे औषध निरुपयोगी ठरवून बाजूला टाकले गेले होते. सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस ते पुन्हा उचलले गेले आणि आज तिथेही वापरतात. म्हणजे बाईंचा तर्क चुकला, तरी नेम दोन्हीकडे लागला.)

तीस वर्षे हे औषध दिले गेले, पण त्यातला कोणता अर्धा भाग काम करतो हे कुणाला ठाऊक नव्हते. १९७२ मध्ये पेपरकॉर्न आणि गोल्डमन यांनी दाखवले की तो मधला सांधा मोठ्या आतड्यातले जीवाणू तोडतात. आतड्यात एकही जंतू नसलेल्या उंदरांना औषध दिले, तर ते तसेच न तुटता बाहेर पडते. मग १९७७ मध्ये ऑक्सफर्डमध्ये ट्रुलव्ह यांच्या हाताखाली काम करणारे डॉ. आझाद खान यांनी प्रश्न निकालात काढला. हे मूळ बांगलादेशचे, पुढे डाक्क्यात मधुमेहाच्या क्षेत्रात त्यांनी फार मोठे काम केले. युक्ती साधी होती. सबंध औषध, नुसता सल्फा आणि नुसते ५-अमायनो-सॅलिसिलिक आम्ल असे तीन एनिमे तयार करून वेगवेगळ्या रोग्यांना दिले. सबंध औषधाने गुण आला, सॅलिसिलिक भागानेही आला. सल्फाने फारसा नाही. म्हणजे सल्फा हा नुसता हमाल होता. माल मोठ्या आतड्यापर्यंत पोचवायचा आणि बाजूला व्हायचे. त्रास मात्र बहुतेक हमालाचाच.

हा त्रास सगळ्यांना सारखा का होत नाही, याचे उत्तर त्याआधी, १९७३ मध्ये, एडिंबरामध्ये दास, ईस्टवुड आणि सहकाऱ्यांनी दिले होते. यकृत सल्फावर प्रक्रिया करून त्याला निकामी करते. काहींच्या शरीरात हे काम झपाट्याने होते, काहींच्या संथ गतीने. संथ गटातल्यांच्या रक्तात सल्फा साचतो. मग मळमळ, डोकेदुखी, गळून जाणे. क्षयावरच्या आयसोनियाझिडचेही असेच होते आणि मद्रासच्या क्षय-उपचार केंद्राने साठीच्या दशकाच्या सुरुवातीलाच दक्षिण भारतीय रोग्यांमध्ये हा भेद मोजला होता. आपल्या लोकांत संथ गटाचे प्रमाण मोठे आहे. डॉक्टर एकदम पूर्ण मात्रा न देता अर्ध्या गोळीपासून, जेवणानंतर, दर काही दिवसांनी वाढवत नेतात, त्यामागे हे कारण आहे. ‘डॉक्टर कमी औषध देतात, गुण येत नाही’ म्हणून स्वतःच मात्रा वाढवणारे मी पाहिले आहेत. त्यांना हे माहीत असते तर!

आता ज्या ओळीने मला या विषयात ओढले तिच्याकडे येतो. ‘या औषधाबरोबर फॉलिक ॲसिड घ्यावे.’ सल्फासॅलॅझीन आतड्यातून फॉलिक आम्ल शोषू देत नाही, हे सत्तरीच्या दशकात कळले. ते कमी पडले की रक्त कमी होते. पण फॉलिक आम्लाचा माग काढत गेलो तर पोचलो कुठे? परळला. १९२८ मध्ये ल्यूसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. गरोदर बायका पांढऱ्याफटक पडून दगावत होत्या. त्यात गिरण्यांत राबणाऱ्या, अर्धपोटी राहणाऱ्या बायका होत्या. हाफकिन संस्थेत बसून विल्सबाईंनी त्यांच्या आहाराचा अभ्यास केला. शुद्ध केलेल्या यकृताच्या अर्काने हा पांडुरोग हटत नव्हता. स्वस्तातल्या यीस्टच्या अर्काने, इंग्रज लोक पावाला लावून खातात त्या मार्माइटने, हटला. १९३१ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केले. त्या अर्कातला नेमका घटक कळायला आणखी दहा वर्षे लागली. १९४१ मध्ये तो पालकाच्या पानांतून वेगळा काढला गेला आणि फॉलिक हे नाव पानावरूनच पडले. तो प्रयोगशाळेत बनवला १९४५ च्या सुमारास, अमेरिकेतल्या लेडर्ली कंपनीत, भीमावरमच्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या चमूने. क्रोन्सच्या काही रोग्यांना आज देतात ते मेथोट्रेक्सेटही याच चमूच्या कामातून आले. दुकानात स्वस्तात मिळणारी ती बारीक पिवळी गोळी ‘व्हिटॅमिन तर आहे’ म्हणून लोक सहज सोडून देतात. तिच्यात परळच्या बायकांचे रक्त आहे, हे अक्षरशः खरे आहे.

१९७९ ची ओळ अधिक नाजूक. सल्फासॅलॅझीन घेणाऱ्या पुरुषांच्या वीर्यातील शुक्राणू घटतात, असे त्या वर्षी ब्रिटनमधून लिहिले गेले. औषध बदलले की दोन-तीन महिन्यांत ते पूर्ववत होतात. म्हणजे दोष तात्पुरता आणि उपाय सोपा. पण आपल्याकडे मूल होत नाही म्हटले की तपासण्या सुनेच्या, नवस सुनेचे, टोमणेही तिलाच. नवऱ्याच्या गोळीकडे बोट दाखवायला कोण जाणार? स्त्रियांच्या बाबतीत उलटी भीती असते. गरोदरपणात औषध बाधेल म्हणून त्या ते परस्पर बंद करतात. वास्तविक फॉलिक ॲसिडच्या जोडीने ते चालू ठेवतात, कारण आईचा आजार उसळणे हेच बाळाला अधिक घातक.

हमालाला काढून टाकायचे तर माल पोचवायचा कसा? नुसते ५-अमायनो-सॅलिसिलिक आम्ल गिळले तर ते लहान आतड्यातच शोषले जाते. मग कुणी गोळीला असे कवच दिले की ते आतड्याच्या शेवटाकडच्या कमी आम्ल भागातच विरघळावे. कुणी बारीक दाणे करून औषध सावकाश झिरपू दिले. हेच मेसॅलॅमिन. ‘गोळी चावू नये, कुटू नये’ ही ओळ या कवचापायी आहे. म्हाताऱ्या माणसाला गिळवत नाही म्हणून खलबत्त्यात कुटून मधातून दिली, की औषध वाटेतच संपले. मेसॅलॅमिन एकंदरीत सोसते. पण क्वचित कुणाच्या मूत्रपिंडाला आतून सूज येते आणि बाहेरून काहीच कळत नाही. म्हणून वर्षातून निदान एक-दोनदा क्रिएटिनिन तपासायचे. काहींना मेसॅलॅमिनमुळेच जुलाब वाढतात, तेव्हा आजार वाढला असे न समजता डॉक्टरांना सांगावे लागते.

सगळ्यात जास्त मोडली जाते ती ‘बरे वाटले तरी बंद करू नये’ ही ओळ. माझ्या एका मामेभावाने दोन वर्षे उत्तम गेल्यावर गोळ्या सोडल्या. सहा महिन्यांत रक्त सुरू झाले, पंधरा दिवस दवाखान्यात काढावे लागले. त्याला वाटले, नशीब. पण याचे उत्तर १९६५ मध्येच लंडनच्या चाचणीत मिळाले होते. शांत असलेल्या रोग्यांपैकी काहींना रोज दोन ग्रॅम औषध आणि काहींना तशाच दिसणाऱ्या पोकळ गोळ्या दिल्या. वर्षभरात पोकळ गोळ्या घेणाऱ्यांपैकी बहुतेकांचा आजार उलटला, औषधवाल्यांपैकी थोड्यांचाच. तरी शंका उरली, की दीर्घकाळ बरे असलेल्यांना कशाला? म्हणून १९७३ मध्ये दिसानायके आणि ट्रुलव्ह यांनी वर्षाहून अधिक काळ औषधावर ठीक असलेले रोगी घेतले आणि त्यांतल्या निम्म्यांचे औषध बदलून पोकळ गोळ्या दिल्या. त्यांचा आजार चौपटीहून अधिक वेळा उलटला. मामेभावाचा प्रयोग आधीच कुणीतरी, नीट मोजून, करून ठेवला होता.

या सगळ्यात एक घोटाळा शब्दाचा आहे. मेसॅलॅमिन दाहशामक, गुडघेदुखीवरचे डायक्लोफेनॅक आणि आयब्युप्रोफेनही दाहशामक आणि स्टेरॉइडही तेच. पण आतड्याला हे तीन वेगळे प्राणी आहेत. वेदनाशामक गोळ्या या रोग्यांत काहींचा शांत असलेला दाह पेटवतात. म्हणून कंबर दुखली तर मेडिकलमध्ये जाऊन ‘एक पेनकिलर द्या’ म्हणण्याआधी, पॅरासिटामॉलने भागेल का, हे डॉक्टरांना विचारायचे. स्टेरॉइडने मोठा भडका विझतो. ट्रुलव्ह आणि विट्स यांनी १९५५ मध्ये २१० रोग्यांवर कॉर्टिझोनची चाचणी करून ते दाखवले. पण ते कायम घ्यायचे औषध नव्हे. ते एकाएकी थांबवायचेही नसते, कारण तोवर शरीर स्वतःचे स्टेरॉइड बनवणे विसरलेले असते.

आपल्या देशात यावर आणखी एक पेच आहे. आतड्याचा क्षय आणि क्रोन्सचा आजार हे लहान आतड्याच्या शेवटी अगदी सारखे दिसू शकतात. क्षयाला क्रोन्स समजून स्टेरॉइड दिले, तर क्षय पसरतो. त्यामुळे आपल्याकडचे डॉक्टर दुर्बिणीतून तुकडा काढून तपासतात आणि तरीही शंका उरली तर आधी काही महिने क्षयाची औषधे देऊन पाहतात. रोग्याला तो वेळकाढूपणा वाटतो. १९९८ मध्ये अमेरिकेत क्रोन्ससाठी इन्फ्लिक्सिमॅब हे नवे इंजेक्शन आले. तीनच वर्षांत, २००१ मध्ये, ते घेतल्यावर क्षय झालेल्या ७० रोग्यांची नोंद एकत्र छापली गेली. शरीरात वर्षानुवर्षे झोपलेला क्षय जागा झाला होता. तेव्हापासून हे इंजेक्शन देण्याआधी छातीचा एक्स-रे आणि क्षयाची चाचणी करतात.