वाट वळते, पाणी वळत नाही

आमच्या वाड्यावरून तळीकडे जाणारी पायवाट एका भाटातून जात असे. पुढे भाट विकले गेले, तिथे इमारती उठल्या आणि वाट कुंपणाच्या कडेने वळवून देण्यात आली. पाच मिनिटांचा वळसा. कोणी फारशी कुरकुर केली नाही. पण वाटेला लागून पावसाचे पाणी नेणारा एक व्हाळही होता. तोही वळवला गेला. पहिल्याच आषाढात पाणी आपल्या जुन्या वाटेने आले आणि खालच्या घरांच्या उंबऱ्याला लागले. नवे गटार उपसायचे कोणी, हा वाद अजून मिटलेला नाही.

हे डोक्यात असतानाच बुऱ्हाणपूरला जाण्याचा योग आला. खानदेशातील रावेर ओलांडले की तापीकाठी हे मध्यप्रदेशातील गाव लागते. बाजारात मराठी सहज कानावर पडते. शाळेत ज्यांचे दोहे आपण पाठ केले ते रहीम, म्हणजे मोगलांचे सरदार अब्दुल रहीम खानखानान, इथे सुभेदार होते. शहराला आणि लष्कराला बारमाही पाणी हवे होते. तबकुतुल अर्ज नावाच्या इराणी भूगर्भतज्ज्ञाने १६१५ साली त्यावर उपाय काढला. सातपुड्याच्या उतारावर पडून जमिनीत मुरलेले पाणी त्याने भुयारात गोळा केले आणि उतार साधून शहरापर्यंत आणले. ना मोट, ना रहाट. भुयारावर ठराविक अंतराने विहिरीसारख्या शंभराहून अधिक कुंड्या आहेत. त्यांतून हवा आत जाते आणि माणूस गाळ काढायला उतरतो. म्हणून नाव कुंडी भंडारा. काही जण खूनी भंडाराही म्हणतात. मी सुमारे ८० फूट खाली उतरलो तेव्हा पायाशी थंडगार पाणी वाहत होते आणि वर नाण्याएवढे आकाश दिसत होते.

बाहेर आल्यावर मात्र वेगळाच प्रश्न मनात आला. पाणी साऱ्या गावाचे, पण ते मुरते आणि वाहते ती जमीन कोणाकोणाची? इराणात अशा भुयारांभोवती 'हरीम' राखण्याची रीत होती. त्या हद्दीत दुसऱ्याने विहीर खणायची नाही, मग जमीन कोणाचीही असो. तिथून आलेल्या तज्ज्ञाला ही रीत परकी नसणार.

इंग्रजी अमलात बुऱ्हाणपूर मध्य प्रांतात होते. १८८२ चा सुविधाधिकार कायदा सुरुवातीपासून ज्या मोजक्या प्रदेशांना लागू झाला त्यांत हा प्रांत होता. (आपल्याकडे तेव्हा १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता होती.) दुसऱ्याच्या जमिनीतून वाटेचा हक्क असणाऱ्याला ती वाट मन मानेल तशी बदलता येत नाही, आणि डागडुजीचा खर्च हक्क भोगणाऱ्याने करायचा, असे हा कायदा सांगतो. इथवर ठीक. पण त्यातच आणखी एक गोष्ट आहे: ठरलेल्या प्रवाहातून न वाहणारे जमिनीखालचे पाणी आपल्या हद्दीत गोळा करून वापरण्याचा हक्क जमीनमालकाचा. म्हणजे भुयारातले वाहते पाणी एक वेळ राखता येईल. पण त्या भुयाराला पोसणारा पाझर ज्याच्या शेतात असेल तो उपसायला मोकळा! केळीच्या बागांचा हा मुलूख, कूपनलिका वाढत गेल्या. त्यात भुयारात चुन्याचे थर साचतात, ते काढावे लागतात. इथल्या आठ योजनांपैकी काही केव्हाच बंद पडल्या. २०२४ साली कुंडी भंडाऱ्याचे नाव युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेले, याचा आनंदच आहे. पण यादीत नाव गेले म्हणून पाझर वाढत नाही.

आपल्या खाजन जमिनींचे गणित याहून शहाणे होते असे मला वाटते. बांध आणि मानस ही एकट्याची मालमत्ता नव्हती. मानशीची दारे भरती-ओहोटीप्रमाणे सांभाळायची कोणी, बांधाला भगदाड पडले तर धावायचे कोणी, हे गावकारीत ठरलेले असे. आज कोणी पायवाट अडवली तर १९६६ च्या कायद्याने मामलेदाराकडे दाद मागता येते. वाट अडलेली दुसऱ्याच दिवशी कळते. व्हाळ बुजलेला कळायला मात्र पाऊस यावा लागतो, आणि भूगर्भातला पाझर आटलेला कळायला एखादी पिढी जावी लागते.

म्हणून वाट वळवण्याच्या कागदावर सही करण्यापूर्वी एवढेच विचारावे: बाजूच्या पाण्याचे काय? ते कुठून येते, कुठे जाणार आणि दर वर्षी मृगाआधी फावडे घेऊन तिथे उतरणार कोण? त्या माणसाचे नाव कागदावर नसेल तर सही करू नये. रहीमच्या भुयारात पाणी चारशे वर्षे वाहिले, त्यात उताराच्या हिशेबाइतकाच वाटा कुंडीतून उतरून गाळ काढणाऱ्यांचा आहे. त्यांची नावे मात्र कुठल्याच दोह्यात आलेली नाहीत.