बिऱ्हाडाची जागा

माणसाच्या प्रतिष्ठेची खरी परीक्षा पाहावयाची असेल, तर तो परक्या गांवीं बिऱ्हाडाची जागा शोधीत असतांना पाहावी. देवळांत गेल्यावांचून मनुष्य जगूं शकतो. परंतु रात्रीं पाठ टेकण्यापुरती जागा त्यास हवीच असते. असें असूनही आमच्या समाजसुधारणेच्या इतिहासांत विहीर, शाळा व देऊळ ह्यांची जेवढी चर्चा होते, तेवढी भाड्याच्या खोलीची होत नाहीं.

पुणें शहराची रचना पेठांची. कसबा हा जुना गाभा, आणि पेशवाईंत त्याभोंवतीं नवनव्या पेठा वसल्या. तांबट आळी, बुरूड आळी हीं नांवें त्या रचनेची साक्ष अजून देतात. एका धंद्याचे लोक एकत्र राहिले ह्यांत दोष नव्हता. ज्यांस अस्पृश्य मानिलें त्यांस कोठें राहावें हें निवडण्याचा अधिकारच नव्हता, हा दोष होता. १८६८ सालीं जोतीराव फुले ह्यांनीं गंज पेठेंतील आपल्या घरचा हौद अस्पृश्यांस खुला केला. ह्या कृतीचें महत्त्व केवळ पाण्यापुरतें नाहीं. जागा माझ्या मालकीची आहे, म्हणूनच ती कोणास खुली करावयाची हें मी ठरवीन, असें एका घरमालकानें समाजास सांगितलें. मालकी हक्काचा हा उपयोग करणारे त्या काळीं विरळाच होते.

पुढें शिक्षणाची वाट मोकळी होऊं लागली, तेव्हां खेड्यांतून आलेल्या विद्यार्थ्यानें राहावें कोठें, हा प्रश्न उभा राहिला. कोल्हापुरास शाहू महाराजांनीं १९०१ सालीं मराठा विद्यार्थ्यांसाठीं वसतिगृह काढविलें आणि त्यामागोमाग जैन, मुसलमान, लिंगायत व अस्पृश्य विद्यार्थ्यांचीं वसतिगृहें निघालीं. पुण्यांत विठ्ठल रामजी शिंदे ह्यांच्या संस्थेनें नाना पेठेंत अहिल्याश्रम उभारला. १९३२ च्या पुणें कराराच्या स्मरणार्थ भाऊराव पाटील ह्यांनीं ह्याच शहरांत युनियन बोर्डिंग सुरू केलें. ही परंपरा शिक्षणप्रसाराचें भूषण म्हणून आपण गौरवितों, व तें योग्यच आहे. मात्र तिच्या मुळाशीं शहरानें नाकारलेली खोलीही होती, हें सहसा आठवीत नाहीं.

विद्येनें ही अडचण दूर होते, असेंही नाहीं. न्यूयॉर्क व लंडन येथें शिकून आलेले भीमराव आंबेडकर १९१७ सालीं बडोदें संस्थानच्या नोकरीवर रुजू होण्यास गेले. तेथें त्यांस कोणी जागा देईना, तेव्हां पारशी नांव धारण करून ते एका पारशी पथिकाश्रमांत राहिले. अकराव्या दिवशीं काठ्या घेतलेल्या पारशी मंडळींनीं त्यांस घेरून बाहेर पडण्यास बजावलें. स्नेह्यांकडेही आसरा मिळाला नाहीं. कामाठी बागेंत वेळ काढून त्यांनीं रात्रींची मुंबईची गाडी गांठली.

त्याच वर्षीं नोव्हेंबरांत अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें, कृष्णवर्णीयांस गोऱ्यांच्या वस्तींत राहण्यास मज्जाव करणारा लुइव्हिल शहराचा नियम रद्द केला. म्हणून तेथील भेद संपला काय? नाहीं. सरकारी नियमांतून निघालेली मनाई घरमालकांच्या आपसांतील करारांच्या आश्रयानें राहिली. १९४८ सालीं न्यायालयांनीं असे करार अंमलांत आणूं नयेत असा निर्णय झाला, आणि विक्रींतील व भाड्यांतील वर्णभेदास मनाई करणारा व्यापक कायदा होण्यास १९६८ साल उजाडावें लागलें. तोही मार्टिन ल्यूथर किंग ह्यांच्या हत्येनंतर एका आठवड्यानें.

आमच्याकडेही कायद्याची वाटचाल सार्वजनिक जागेकडून खाजगी उंबरठ्याकडे झाली. सीताराम केशव बोले ह्यांच्या ठरावानें १९२३ सालीं मुंबई कायदेमंडळानें सार्वजनिक पाणवठे व धर्मशाळा अस्पृश्यांस खुल्या करण्याची शिफारस केली. १९५० च्या राज्यघटनेच्या १७ व्या कलमानें अस्पृश्यता नष्ट केली. आणि १९५५ च्या कायद्यानें अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणत्याही वस्तींत घर बांधण्यास, घेण्यास वा त्यांत राहण्यास अटकाव करणें हा गुन्हा ठरविला.

तथापि धर्म, खाणेंपिणें वा प्रांत ह्यांवरून खोली नाकारणारा घरमालक ह्या कायद्याच्या कक्षेंत सहजासहजीं येत नाहीं. १९४७ चा मुंबईचा भाडेनियंत्रण कायदा व त्याच्या जागीं आलेला १९९९ चा महाराष्ट्राचा कायदा हे मुख्यतः घरांत शिरलेल्या भाडेकरूचें रक्षण करतात. दारावरून परतलेल्याची दाद त्यांत नाहीं. एका पारशी गृहरचना संस्थेनें सभासदत्व आपल्या समाजापुरतें ठेवणें गैर नाहीं, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें २००५ सालीं दिला. समाजानें एकत्र राहण्याचें स्वातंत्र्य आणि व्यक्तीचा कोठेंही राहण्याचा हक्क ह्यांचा झगडा त्यामुळें अनिर्णितच राहिला आहे.

शिवाय ह्या अन्यायास साक्षीदार नसतो. हौदावर अडविलेला मनुष्य चारचौघांत अडविला जात असे. खोली विचारावयास आलेल्यास आडनांव विचारून, "जागा कालच दिली" असें सौम्यपणें सांगतां येतें. तें वाक्य खरें कीं खोटें, हें फक्त सांगणारासच ठाऊक असतें. म्हणून कायदा कितीही विस्तारला, तरी ज्याच्या हातीं किल्ली आहे त्यानें आपल्या उत्तराचा जाब प्रथम स्वतःसच विचारणें प्राप्त आहे.