विनोदाचा मान

गोदातीरीच्या पंचवटीचे नाव निघताच सीताहरण आठवते. परंतु त्या अनर्थाच्या मुळाशी एक न उमजलेली थट्टा होती, हे सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. अरण्यकांडात शूर्पणखा रामास वरू पाहते. राम हसत तिला लक्ष्मणाकडे पाठवितो, लक्ष्मण पुन्हा रामाकडे. तिला परिहास कळत नव्हता, म्हणून तिने ते बोलणे खरे मानले, असे वाल्मीकी सांगतात. थट्टेचे पर्यवसान नाक कापण्यात झाले, आणि लोकसमजुतीप्रमाणे नाशिकचे नावही त्या नासिकेवरूनच पडले.

याच नाशिकात 1942 साली भरलेल्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षस्थान आचार्य अत्रे यांस मिळाले. ते नाटककार खरेच. तथापि ‘झेंडूची फुले’ या विडंबनसंग्रहाने ज्यांनी समकालीन कवींची यथेच्छ टर उडविली, तेच हे अत्रे! विनोद म्हणजे साहित्याच्या पंगतीतील चटणी, असे मानणाऱ्यांस हा मान खटकण्याजोगा होता.

परंतु ही वाट आधीच घातली गेली होती. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर यांनी 1902 पासून ‘विविधज्ञानविस्तारा’त विनोदी लेख लिहिले, 1910 साली त्यांचे ‘सुदाम्याचे पोहे’ पुस्तकरूपाने आले. त्यांत सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या आपल्याच समाजाच्या श्रावणी-शिमग्याचे वाभाडे काढतात. आणि सुदामा स्वतःसही त्यातून वगळीत नाही. 1927 च्या पुणे संमेलनाचे कोल्हटकर अध्यक्ष झाले. पुढे 1965 साली पु. ल. देशपांडे यांच्या ‘व्यक्ती आणि वल्ली’स साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला, आणि महाराष्ट्र शासनाने विनोदी वाङ्मयासाठी दिल्या जाणाऱ्या आपल्या पुरस्कारास कोल्हटकरांचेच नाव दिले.

हे नाव समर्पक आहे. पंचवटीतील थट्टेत दोघे हसणारे होते आणि हास्यास्पद झाली ती एकटीच. कोल्हटकरांच्या विनोदात मात्र हसणारा आणि हास्यास्पद ठरणारा एकाच पाटावर बसतो. म्हणून तो बोचला तरी कोणाचे नाक जात नाही. पारितोषिक द्यावयाचे ते अशा विनोदास. मात्र त्याची अर्धी जबाबदारी वाचकावरही आहे. शब्दशः अर्थ घेऊन रागावणारा समाज कितीही विद्वान असो, परिहासाच्या बाबतीत तो अद्याप दंडकारण्यातच राहतो, असे म्हणावे लागेल.