गुरांमागे धावलेला वीर, सुरुंग वेचणारा वीर

सातारा जिल्ह्यातल्या वाई तालुक्यात, चंदन-वंदन या जोडकिल्ल्यांच्या पायथ्याशी किकली हे गाव आहे. तिथल्या भैरवनाथाच्या देवळाच्या आवारात कितीतरी वीरगळ जपलेले आहेत. लढता लढता मेलेल्या माणसाची आठवण म्हणून उभा केलेला दगड तो वीरगळ. महाराष्ट्रात असे दगड गावोगाव सापडतात. कुठे मारुतीच्या देवळासमोर शेंदूर फासून, कुठे वेशीजवळ, तर कुठे शेताच्या बांधाला टेकून.

वीरगळ वाचायचा तो खालून वर. सर्वांत खालच्या चौकटीत माणूस आडवा पडलेला असतो आणि बऱ्याचदा त्याच्या शेजारी गाई कोरलेल्या असतात. त्यावरच्या चौकटीत लढाई: ढाल, तलवार, कधी धनुष्यबाण, समोर पायदळ किंवा घोडेस्वार. तिसऱ्या चौकटीत अप्सरा त्याला दोन्ही बाजूंनी धरून वर नेत असतात. त्याच्याही वर तो हात जोडून शिवलिंगापुढे बसलेला दिसतो आणि माथ्यावर कलश, चंद्र, सूर्य असतात. चंद्रसूर्य आहेत तोवर याची कीर्ती टिकेल, एवढे आश्वासन त्या दोन छोट्या आकृत्यांत असते. मरण, लढाई, स्वर्गाची वाट आणि शिवाचे सान्निध्य, असा सगळा प्रवास हातभर रुंदीच्या दगडात मावलेला असतो.

एकच गोष्ट नसते, ती म्हणजे नाव. कर्नाटकातल्या आणि तमिळनाडूतल्या वीरशिळांवर पुष्कळदा लेख असतो. वीर कोण, कोणत्या राजाच्या काळात मेला, कशासाठी मेला हे त्यात सांगितलेले असते. महाराष्ट्रातले बहुतेक वीरगळ मात्र मुके आहेत. दगड बसवला तेव्हा तो कोणाचा, हे गावात पोरासोरांनाही ठाऊक असणार. लिहून ठेवायची गरज कोणाला वाटली नसावी. पाच-सात पिढ्या गेल्या, नाव विसरले आणि माणसाचा देव झाला. त्या काळच्या वीरकल्पनेत याला हानी मानत नसत. देवपण मिळाले म्हणजे नावाचे काम झाले.

खालच्या चौकटीतल्या गाईंकडे नीट पाहायला हवे. दख्खनच्या कमी पावसाच्या पट्ट्यात गुरे हीच संपत्ती होती. शेत कोणाला उचलून नेता येत नाही, पण गुरे एका रात्रीत हाकलून नेता येतात. मग त्यांच्यामागे धावणारा, त्यांना परत वळवणारा आणि त्यात मेलेला माणूस गावाचा पोशिंदा ठरे. महाभारताच्या विराटपर्वात कौरव विराटाच्या गाई वळवून नेतात आणि बृहन्नडेच्या वेषातला अर्जुन त्या सोडवून आणतो. महाकाव्यातल्या त्या प्रसंगाला आणि गावाच्या वेशीवरच्या चकमकीला आपल्या पूर्वजांनी एकच मोल दिले. अर्जुनाला महाकाव्य मिळाले, गावच्या गड्याला दगड मिळाला. स्वर्ग मात्र दोघांसाठी उघडा होता. एस. सेट्टर आणि गुंथर सोंथायमर यांनी १९८२ साली संपादित केलेल्या स्मारकशिळांवरच्या ग्रंथाने या दगडांकडे पाहण्याची अभ्यासकांची नजर बदलली. धनगर-गवळ्यांचे जगणे, गुरांसाठीच्या झुंजी आणि देवांची घडण हे धागे एकमेकांत किती गुंतलेले आहेत, हे त्यानंतर अधिक स्पष्ट झाले.

आणि वीर म्हणजे माणूसच, असेही नव्हते. कर्नाटकात मंड्याजवळच्या आतकूरचा दगड राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याच्या काळातला, साधारण इ.स. ९५० चा. तक्कोलमच्या लढाईत चोळ राजपुत्र राजादित्य मारला गेला, तो हा काळ. गंग राजा बूतुग याचा मणलेर नावाचा एक शूर सेवक होता. पराक्रमाबद्दल काय हवे असे राजाने विचारले, तेव्हा त्याने काळी नावाची शिकारी कुत्री मागितली. पुढे ती एका दांडग्या रानडुकराशी झुंजली आणि दोघेही मेले. तिच्यासाठी दगड उभा राहिला, त्याच्या पूजेसाठी जमीनही दिली गेली. धन्यासाठी जीव देणे ही वीरत्वाची कसोटी असेल, तर ती कुत्रीही त्या कसोटीला पुरेपूर उतरली होती.

धन्यासाठी मरण्याची ही कल्पना कुठवर गेली होती, ते हळेबिडूला दिसते. होयसळ राजा दुसरा बल्लाळ गेल्यावर कुवर लक्ष्म या त्याच्या सेनानीने, त्याच्या पत्नीने आणि अनुयायांनी प्राण दिल्याचे तिथल्या स्तंभलेखात नोंदले आहे. राजाबरोबर मरण्याची शपथ घेतलेले असे वीर त्या काळात मानाने मिरवत. आजच्या माणसाला हे पचणे जड जाते आणि ते योग्यच आहे. पण त्या काळच्या डोळ्यांना ही निष्ठेची सर्वांत वरची पायरी दिसत होती, हे विसरून तो काळ समजणार नाही.

समुद्रावरच्या वीरांचेही दगड आहेत. बोरिवलीजवळच्या एकसर गावातल्या मोठ्या वीरगळांवर डोलकाठ्या आणि वल्ह्यांच्या रांगा असलेली गलबते कोरलेली आहेत. यादव राजा महादेव आणि उत्तर कोकणचा शेवटचा शिलाहार सोमेश्वर यांच्यात १२६५ च्या सुमारास झालेल्या आरमारी लढाईचे हे चित्र, असे बरेच अभ्यासक मानतात. सोमेश्वर समुद्रात बुडाला, असे यादवांचा मंत्री हेमाद्री याच्या प्रशस्तीत सूचित केले आहे. आज मुंबईच्या गर्दीने त्या दगडांना चहूबाजूंनी वेढले आहे.

ही वीरकल्पना वळली कुठे, असे विचारले तर एक जागा नक्की दाखवता येते. १६५९ साली प्रतापगडाखाली अफजलखानाचा पाडाव झाल्यानंतर शिवाजी महाराजांनी काय केले, ते कृष्णाजी अनंत सभासदाने आपल्या बखरीत नोंदवले आहे. मेलेल्यांच्या मुलांना चाकरीत घेतले; ज्यांना मुलगा नव्हता त्यांच्या बायकांना निम्मे वेतन चालू केले. जखमींना दुखापतीच्या मानाने पैसे दिले. या नोंदीत अप्सरा नाहीत आणि स्वर्गात नेणारे विमानही नाही. वीराच्या मागे उरलेली बायको आणि पोर इथे ठळकपणे हिशेबात आली. वीरगळाच्या शेजारी पुष्कळदा सतीशिळा असते, कोपरात वाकलेला आणि बांगड्या भरलेला हात कोरलेली. त्या हाताच्या जागी निम्मे वेतन येणे, हे शौर्याच्या इतिहासातले फार मोठे पाऊल आहे. त्याचा उल्लेख व्हावा तितका होत नाही.

त्याच काळात शाहिराने नावे जपायला सुरुवात केली. अफजलखानाच्या वधावर अग्निदासाने आणि सिंहगडावर पडलेल्या तानाजी मालुसऱ्यांवर तुळशीदासाने रचलेले पोवाडे डफ-तुणतुण्यावर घराघरांत पोहोचले. शंकर तुकाराम शाळिग्राम आणि हॅरी ॲकवर्थ यांनी १८९१ मध्ये पोवाड्यांचा संग्रह छापला, तोवर ही गाणी कंठाकंठातूनच चालत आली होती. पोवाड्यातला वीर स्वर्गात काय करतो, याची ऐकणाऱ्याला फारशी उत्सुकता नसते. त्याचे गाव कोणते, तो कसा बोलला, कसा पडला, हे त्याला ऐकायचे असते.

महाराष्ट्रात साध्या शिपायाचे नाव दगडावर यायला मात्र एकोणिसावे शतक उजाडावे लागले. १ जानेवारी १८१८ ला पेशव्यांच्या फौजेशी झालेल्या लढाईनंतर कंपनी सरकारने कोरेगाव भीमा इथे जो स्तंभ उभारला, त्यावर पडलेल्या ४९ जणांची नावे आहेत. त्यांतली २२ नावे ‘नाक’ या प्रत्ययाने संपतात. ती महार शिपायांची. १ जानेवारी १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे गेले आणि त्या नावांचा अर्थच पालटला. दगड कंपनीने आपल्या विजयासाठी उभारला होता. ज्यांच्या पूर्वजांची नावे कोणी कुठे लिहीत नसे, त्यांना त्यावर आपला इतिहास वाचता आला. पहिल्या महायुद्धानंतर सातारा, रत्नागिरी भागातल्या अनेक गावांत लहान पाट्या लागल्या. या गावातून इतके लोक लढाईला गेले, इतके परत आले नाहीत, एवढाच मजकूर. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावचे ४६ जण त्या युद्धात कामी आले. आज ते गाव अपशिंगे मिलिटरी या नावाने ओळखले जाते.

शौर्य कागदावर आले, ते पदकांमुळे. व्हिक्टोरिया क्रॉस हिंदी शिपायांना १९११ पासून खुला झाला. ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीतल्या सेनिओ नदीवर मराठा पलटणीचे नामदेव जाधव यांनी काय केले, ते पदकाच्या मानपत्रात टप्प्याटप्प्याने सांगितले आहे. आधी दोन जखमी सोबत्यांना खोल पाण्यातून, चढणीवरून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून उचलून सुरक्षित जागी नेले. मग एकट्याने परत जाऊन शत्रूच्या मशिनगनच्या ठाण्यांवर तुटून पडले. हाताला जखम झाली, बंदूक चालवता येईना, तेव्हा हातबॉम्ब फेकत राहिले. शेवटी बांधावर चढून, रणघोष करत मागच्या तुकड्यांना पुढे बोलावले. नगर जिल्ह्यातल्या निमजचा हा शिपाई जगला आणि घरी परतला. वीरगळात या माणसाला जागाच नसती, कारण तिथे पहिली चौकट मरणाचीच असते. आधुनिक काळाने शूर माणसाला जिवंत राहण्याची मुभा दिली, आणि दोन काळांमधला सर्वांत खोल फरक हाच आहे, असे म्हणायला हरकत नाही.

रामा राघोबा राणे यांची गोष्ट याच्याही पुढे जाते. मूळचे कारवारजवळच्या चेंडिया गावचे राणे बॉम्बे सॅपर्सचे अधिकारी होते. काश्मीरच्या लढाईत, एप्रिल १९४८ मध्ये नौशेरा-राजौरी रस्त्यावर रणगाडे अडकून पडले होते. वाटेत सुरुंग, तोडून आडवी टाकलेली झाडे, उडवलेले पूल. डोंगरावरून गोळीबार चालू असताना ८ ते ११ एप्रिल या चार दिवसांत राणे आणि त्यांच्या माणसांनी वाट मोकळी केली. एका टप्प्यावर तर राणे सर्वांत पुढच्या रणगाड्याच्या खालून सरकत गेले. रणगाडा चालवणाऱ्याकडे गेलेले दोन दोर त्यांच्या हातात होते. एक ओढला की थांबायचे, दुसरा ओढला की चालायचे. त्या चार दिवसांतले त्यांचे शौर्य शत्रूला मारण्याचे नव्हतेच. ते होते माती चाचपण्याचे, खोडे दूर करण्याचे, वळणरस्ता खणण्याचे. या कामासाठी त्यांना परमवीर चक्र मिळाले. पुढे ते मेजर होऊन निवृत्त झाले आणि १९९४ मध्ये पुण्यात वारले.

त्या पदकाची घडण मात्र फार जुन्या गोष्टीकडे हात करते. परमवीर चक्राचे रेखाटन सावित्रीबाई खानोलकर यांचे. जन्माने त्या युरोपातल्या. विक्रम खानोलकर या मराठी लष्करी अधिकाऱ्याशी लग्न करून इथल्याच झाल्या आणि पुराणांचा त्यांनी मन लावून अभ्यास केला. पदकावर त्यांनी इंद्राचे वज्र घेतले. हे वज्र दधीचि ऋषींच्या अस्थींचे. वृत्राला मारायला देवांना शस्त्र हवे होते आणि हाती शस्त्र न धरलेल्या एका ऋषीने आपली हाडे देऊ केली. सैन्याच्या सर्वोच्च सन्मानासाठी ही कथा निवडण्यात मोठी समज आहे.

हाती शस्त्र न धरता वीर होण्याची वाट विसाव्या शतकात प्रत्यक्षात आली. १२ डिसेंबर १९३० ला मुंबईत काळबादेवीवर परदेशी कापडाचा ट्रक अडवताना बाबू गेनू हा गिरणी कामगार त्याच्याखाली सापडून गेला. आंबेगाव तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचा हा तरुण समोरच्याला मारायला उभा नव्हता. तो फक्त बाजूला झाला नाही. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात गोळीबाराला बळी पडलेल्यांची नावे हुतात्मा चौकात कोरलेली आहेत आणि वर मशाल धरून शेतकरी आणि कामगार उभे आहेत. त्या दोघांच्या अंगावर चिलखत नाही, कमरेला तलवार नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांच्याजवळ होती ती लाठी. त्यांनी मुंबईवर हल्ला करणारा अतिरेकी कसाब याच्या एके-४७ ची नळी दोन्ही हातांनी धरली आणि गोळ्या अंगावर घेतल्या, पण नळी सोडली नाही. त्यामुळे तो जिवंत हाती लागला आणि त्याच्यावर खटला चालवता आला. शत्रूला पकडून न्यायालयापुढे उभे करण्यासाठी जीव देणे, हे जुन्या कुठल्याही दगडावर कोरलेले सापडणार नाही.

जुनी रीतही पुरती सरलेली नाही. नाशिकला धुळवडीच्या दिवशी वीर निघतात. घरातल्या शूर पूर्वजांचे टाक देवघरातून बाहेर काढले जातात आणि वाजतगाजत मिरवले जातात. दाजीबा वीराला तर बाशिंगे वीर म्हणतात. अंगाला हळद लागलेली असताना, लग्नाआधीच मारला गेलेला हा तरुण, असे सांगितले जाते. लोक त्याच्याकडे नवस बोलतात. शौर्यपदकांच्या यादीत दाजीबा कुठे नाही, पण नाशिककरांना तो शेजारच्या घरातला वाटतो.

वीरगळावर स्त्री दिसते ती अप्सरा म्हणून, नाहीतर सतीचा हात म्हणून. स्वतः लढणाऱ्या स्त्रीचे दगड अगदी थोडे. नव्या काळात मात्र तिचे शौर्यही नोंदले गेले. ५ सप्टेंबर १९८६ रोजी मुंबईहून निघालेले पॅन ॲमचे विमान कराचीत अतिरेक्यांनी ताब्यात घेतले. तेव्हा मुंबईत वाढलेली नीरजा भनोत त्या विमानात पर्सर होती. अपहरणाची सूचना तिने वेळीच वैमानिकांपर्यंत पोहोचवली आणि ते निसटल्याने विमान जमिनीवरच राहिले. अमेरिकी प्रवासी हेरता येऊ नयेत म्हणून तिने आणि तिच्या सहकाऱ्यांनी त्यांचे पासपोर्ट लपवले. गोळीबार सुरू झाल्यावर दार उघडून प्रवाशांना बाहेर काढताना ती गेली. तेविसावा वाढदिवस दोन दिवसांवर होता. तिला अशोक चक्र मिळाले. तिच्या आईवडिलांनी तिच्या नावाने न्यास उभा केला आणि दोन पुरस्कार ठेवले. एक कर्तव्यापलीकडे जाऊन प्रवाशांना वाचवणाऱ्या विमान कर्मचाऱ्यासाठी. दुसरा, हुंडा किंवा नवऱ्याने टाकून देणे यांसारख्या अन्यायाला सामोरी जाऊन उभी राहिलेल्या आणि मग तशाच संकटातल्या इतर बायकांना हात देणाऱ्या स्त्रीसाठी.