ईथरच्या तारेची बखर

जुन्या लॅपटॉपच्या कडेवरून बोट फिरवले, तर एका बाजूस चौकोनी तोंडाचे एक भोक लागते. आत आठ बारीक तारा ओळीने बसवलेल्या असतात. अलीकडच्या पातळ लॅपटॉपांना हे भोक बहुधा नसतेच; त्यामुळे घरातली मुले 'हे कशाचे?' म्हणून विचारतात. ते इंटरनेटच्या वायरीचे. या वायरीच्या विद्येला 'ईथरनेट' म्हणतात, आणि तिच्या बखरीची गंमत या नावापासूनच सुरू होते.

एकोणिसाव्या शतकातल्या पंडितांची अशी खात्री होती की, प्रकाशाला वाहून नेणारे 'ईथर' नावाचे एक अदृश्य द्रव्य साऱ्या विश्वात भरून राहिले आहे. १८८७ साली मायकेलसन आणि मोर्ले या दोघा अमेरिकन शास्त्रज्ञांनी मोठ्या काळजीने प्रयोग केला. पण ईथरचा मागमूस लागला नाही. बिचारे ईथर पुस्तकांतून हद्दपार झाले. त्याचे नाव पुन्हा उच्चारले गेले ते २२ मे १९७३ रोजी, कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टो येथे झेरॉक्स कंपनीच्या संशोधनगृहात. बॉब मेटकाफ नावाच्या तरुणाने त्या दिवशी एक टिपण लिहिले आणि खोल्याखोल्यांतली संगणकयंत्रे जोडणाऱ्या आपल्या योजनेला 'ईथर' हे नाव दिले. एकच वायर सर्वांच्या दारावरून जाईल, तिच्यात कोणीही बोलावे, सर्वांना ऐकू येईल. नसलेल्या ईथरचे काम असलेल्या तारेकडून!

या कल्पनेचे मूळ मात्र समुद्रात होते. नॉर्मन अब्रामसन या प्राध्यापकाने १९७१ साली हवाई बेटांवरची यंत्रे रेडिओने जोडली होती. दोन यंत्रे एकाच वेळी बोलली की दोघांचाही निरोप बिघडे. मग प्रत्येकाने मनाला येईल तितका वेळ थांबून तो पुन्हा पाठवायचा, अशी तिथली रीत. मेटकाफचा प्रबंध हार्वर्डने आधी नापसंत केला होता. त्याने अब्रामसनचा लेख वाचला, त्याचे गणित सुधारून प्रबंधात घातले, आणि डेव्हिड बॉग्ज या सोबत्याच्या मदतीने तीच रीत तारेवर आणली. त्यात एक शिस्त वाढवली: बोलण्यापूर्वी कान देऊन ऐकावे, आणि टक्कर झालीच तर तत्काळ गप्प व्हावे. आपल्याकडच्या किती सभांना हा नियम लावता येईल, ते वाचकांनीच ठरवावे.

पुढे डिजिटल, इंटेल आणि झेरॉक्स या तीन कंपन्यांनी १९८० साली मिळून नियम छापले, आणि १९८३ मध्ये त्यांना मानकाचा मान मिळाला. त्या वेळची वायर बोटाएवढी जाड, बहुधा पिवळ्या रंगाची. दर अडीच मीटरवर तिच्यावर खूण. त्या खुणेवर चिमटा लावून त्याचा काटा थेट गाभ्यापर्यंत रुतवायचा. त्या चिमट्याला लोकांनी 'व्हॅम्पायर' म्हणावे हे योग्यच होते. नंतर बारीक वायर आली, पण एका जागी तुटली की सारी आळी बहिरी. १९९० मध्ये हा जाच संपला. टेलिफोनसारख्या पीळ दिलेल्या साध्या तारांवरून काम होऊ लागले. हा पीळही जुनाच. टेलिफोनवाल्या ग्रॅहम बेलने त्याचे पेटंट १८८१ सालीच घेतले होते. पीळ असला की बाहेरचा गोंगाट दोन्ही तारांवर सारखाच पडतो आणि वजाबाकीत निघून जातो.

माझ्या मते या बखरीतले सर्वांत मोठे कर्तृत्व वेगाचे नव्हे, सभ्यतेचे आहे. १९९० चे यंत्र रिकामे असले की सेकंदाच्या हजाराव्या भागांपैकी सुमारे सोळा भाग गेले म्हणजे एक ठोका देई: 'मी आहे.' १९९५ साली दहापट वेगाची यंत्रे आली. त्यांनी ठोका टाकला नाही. एका ठोक्याच्या जागी बारीक ठोक्यांचा झुबका बसवला आणि त्यात आपल्याला काय काय येते ते सांगितले. नवे यंत्र तो झुबका वाचते. जुन्याला तो एकच ठोका वाटतो. ते आपले नेहमीप्रमाणे उत्तर देते. तेवढ्यावरून नवे ओळखते की समोर वडीलधारे आहे, आणि आपला वेग उतरवून त्याच्या पावलाने चालू लागते. १९९९ मध्ये शंभरपट वेग आला, तरी हा रिवाज राहिला. म्हणूनच आजच्या बहुतेक राउटरांत वीस वर्षांपूर्वीच्या लॅपटॉपची वायर खुपसली तरी दिवा लागतो.

हे सांगण्याचे कारण आहे. आमच्यासारख्या शाळांना दानात लॅपटॉप येतात, 'वायफाय चालत नाही' म्हणून कपाटात जातात, आणि मुले शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला कोणाच्या तरी मोबाईलभोवती दाटी करतात. कपाटातले यंत्र बहुधा मेलेले नसते. वायर लावून भोकाजवळचा दिवा पाहावा. मात्र ती शेजारच्या अरुंद भोकाजवळ नेऊ नये. ते टेलिफोनचे, १५ ऑगस्ट १९९५ रोजी आपल्याकडे इंटरनेट सर्वांसाठी खुले झाले त्या जमान्यातले. दिवा लागला, म्हणजे तारेने आपले वचन पाळले. अडते ते पुढे. गाडी असते, ड्रायव्हर नसतो! ड्रायव्हर म्हणजे यंत्राला आपले भोक ओळखायला शिकवणारी लहानशी आज्ञावली. ती इंटरनेटवर मिळते, आणि इंटरनेट तर तिच्यावाचून नाही. म्हणून दुसऱ्या यंत्रावरून पेनड्राइव्हने आणावी लागते. विंडोज एक्सपीची देखभाल ८ एप्रिल २०१४ रोजी थांबली, तेव्हा ते घेऊन बाजारात उतरणे शहाणपणाचे नाही. लिनक्सच्या पोटात अशा कितीतरी जुन्या कार्डांचे ड्रायव्हर आधीच असतात.

त्यानंतर पत्ता. १९९३ साली ठरलेल्या रीतीने यंत्र राउटरकडे पत्ता मागते. १६९.२५४ ने सुरू होणारा आकडा दिसला, तर समजावे की कोणी उत्तर दिले नाही आणि बिचाऱ्याने स्वतःच नाव ठेवून घेतले. तेव्हा वायरीचे दुसरे टोक आणि राउटर तपासावा.

शेवटची खोडी नाण्याएवढ्या सेलची. तो संपला की लॅपटॉप दर वेळी आपल्या तारुण्यात जागा होतो. आजच्या संकेतस्थळांची ओळखपत्रे त्याच्या लेखी अजून जन्मलेली नसतात. तो त्यांना दारातच अडवतो. वायर ठीक, दिवा हिरवा, पत्ता मिळालेला, आणि पान उघडत नाही. अशा वेळी पडद्याच्या कोपऱ्यातली तारीख पाहावी. ती २००५ साल दाखवीत असेल, तर तिला आजवर आणावे आणि पान पुन्हा उघडावे.