खुर्चीच्या पाठीवरचा हात

जुन्या मराठी घरातला अल्बम उघडला की एक फोटो हमखास सापडतो. आजोबा खुर्चीत ताठ बसलेले, शेजारी आजी उभी आणि तिचा एक हात खुर्चीच्या पाठीवर. मागे रंगवलेला पडदा, त्यावर कुठल्या तरी विलायती बागेचा कठडा. आमच्या घरीही असा फोटो होता. आजी त्यात इतकी कोरी दिसायची की आम्हा पोरांना वाटे, ती आजोबांवर रुसली असणार. रुसवा वगैरे काही नव्हता. चेहऱ्याला तेव्हा बोलायची परवानगीच नव्हती, आणि हात तिथे होता तो तोल सांभाळण्यासाठी.

या हाताची वंशावळ शोधत गेलं की वाट युरोपातून लखनौच्या हजरतगंजात पोचते आणि तिथे चांगलीच रेंगाळते.

युरोपातला भाग थोडक्यात असा. 1851 मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चरने काचेवरच्या ओल्या कलोडियनची रीत जाहीर केली. काच ओली असतानाच फोटो घ्यायचा, ओली असतानाच धुवायचा. उजेडाप्रमाणे काही सेकंद माणसाने पुतळ्यासारखं राहायचं. मान हलू नये म्हणून मागून लोखंडी चिमटा लावत. हाताला आधार हवा म्हणून खुर्ची, स्टूल, खोटा खांब. हसू तेवढा वेळ टिकत नाही, ओठ थरथरतात आणि तसबीर फिसकटते. म्हणून हसायचं नाही. 1854 मध्ये पॅरिसच्या दिस्देरीने भेटकार्डाएवढ्या फोटोंचं पेटंट घेतलं, तसा हा सगळा संसार, खांब, पडदा, खुर्ची यांसकट, जगभर गेला.

लखनौला मात्र कॅमेरा या भेटकार्डांची वाट पाहत बसला नव्हता. हजरतगंजाची सुरुवात नवाब नसीरुद्दीन हैदरच्या काळात, 1827 मध्ये, चिनी बाजार आणि कप्तान बाजार यांनी झाली. 1842 मध्ये त्याला अमजद अली शाहच्या ‘हजरत’ या लोकप्रिय नावावरून आजचं नाव मिळालं. अमजद अली आजही याच रस्त्यावरच्या सिब्तैनाबाद इमामबाड्यात झोपलेला आहे. त्याचा मुलगा वाजिद अली शाह. या मुलाच्या अमदानीत अहमद अली खान, म्हणजे ‘छोटे मियाँ’, हुसैनाबाद इमामबाड्याचा दरोगा असून फोटो काढत होता. नवाबाची माणसं त्याच्यासमोर बसली आणि गोरे साहेब, त्यांच्या मडमा, मुलंही बसली. त्याचा अल्बम लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. त्यातले काही चेहरे दीड-दोन वर्षांत, 1857 च्या बंडात, इंग्रजांच्या रेसिडेन्सीच्या वेढ्यात अडकले, काही मेले. म्हणजे लखनौची पहिली फोटोवही नकळत श्राद्धाची यादी झाली. पाहणाऱ्याच्या पोटात कालवाकालव होते ती पुढचं ठाऊक असल्यामुळे. चेहऱ्यांवर त्यातलं काहीही नाही.

कालवाकालव व्हायला चेहरा लागत नाही, हे पुढचा फोटोवाला बरोबर ओळखून आला होता. फेलिचे बिआतो 1858 च्या वसंतात लखनौत उतरला. गंजापासून हाकेच्या अंतरावर सिकंदरबाग. तिथे 16 नोव्हेंबर 1857 ला सुमारे दोन हजार शिपाई मारले गेले होते. बिआतो पोचला तोवर काही महिने उलटले होते. तरी त्याच्या प्रसिद्ध तसबिरीत पडक्या वाड्यापुढे कवट्या आणि हाडं पसरलेली दिसतात. तसबिरीसाठी हाडं उकरून काढवली, असं जॉर्ज कॅम्पबेल या अधिकाऱ्याच्या आठवणींत आहे. माझ्या मते लखनौच्या फोटोकलेतली मानवी देहाची पहिली जाणूनबुजून केलेली ‘मांडणी’ हीच. चेहराच नाही, तेव्हा चेहऱ्याच्या हालचालीची भीती नाही. भाव सगळा चौकटीत: अंगण किती घ्यायचं, खांब कुठे येऊ द्यायचे, जिवंत माणसं कुठे उभी करायची.

आणि मग 1874. दरोगा अब्बास अली, पालिकेचा इंजिनियर, याने एकाच वर्षी दोन अल्बम काढले. एक शहराचा, पन्नास दृश्यांचा. दुसरा ‘द ब्यूटीज ऑफ लखनौ’, अवधच्या दरबारातल्या आणि शहरातल्या नामांकित गाणाऱ्या, नाचणाऱ्या, नाटकातल्या बायकांचा, चोवीस तसबिरींचा. इथेच आपल्या हाताची गोष्ट खऱ्या अर्थाने अवघड होते.

या बायकांचा धंदाच भाव हा होता. लखनौकडे ‘भाव बताना’ असा शब्दप्रयोग आहे. ठुमरीची एक ओळ घ्यायची आणि बसल्या जागी ती दहा तऱ्हांनी सांगायची: भुवईने, मनगटाने, ओढणीच्या टोकाने, कधी नुसत्या थांबण्याने. ‘येऊ नका’ म्हणताना ‘या’ कसं म्हणायचं, हे शिकायला खानदानी घरातली मुलं लखनौच्या चौक या भागातल्या कोठ्यांवर जात, अशी ख्याती. अशा बाईला अब्बास अलीने कॅमेऱ्यापुढे आणलं तर तिने करायचं काय? भाव म्हणजे एका नजरेतून दुसऱ्या नजरेत जाणं. काचेला पाहिजे होतं मधलं काहीच नसणं. म्हणून शहरातल्या सर्वांत बोलक्या बायका त्या अल्बमात सर्वांत मुक्या दिसतात. त्या तसबिरींत बोलतं ते सामान आणि अंग: दागिने, पेशवाजीचा घेर, बसण्यातली ऐट, मांडीवर किंवा खुर्चीवर विसावलेला हात. आमच्या आजीचा हात याच कुळातला. आजीला हे सांगितलं असतं तर तिने मला घराबाहेर काढलं असतं, हा भाग वेगळा.

अल्बम रसिकांसाठी होता, पण त्याच बायका दुसऱ्या एका वहीतही होत्या. इतिहासकार वीणा तलवार ओल्डेनबर्ग यांना लखनौच्या 1858 ते 1877 च्या करवह्यांत नाचणाऱ्या-गाणाऱ्या बायका सर्वांत वरच्या उत्पन्न गटात सापडल्या. बंडाला मदत केली म्हणून ज्यांची मालमत्ता जप्त झाली, त्यांच्या यादीतही त्यांची नावं होती. हे कळल्यावर ते कोरे चेहरे जरा वेगळे दिसू लागतात. तो मुकेपणा सगळा काचेचाच असेल, असं मला वाटत नाही.

1880 मध्ये अब्बास अलीने अवधचे राजे आणि तालुकदार यांचाही अल्बम काढला. तलवारी, पगड्या, मांडीवर मुठी. तिथे मला फारसं थांबावंसं वाटत नाही. सत्तेला भाव नसला तरी चालतं.

याच्या थोडं आधी आपल्या मुंबईत काय चाललं होतं? विल्यम जॉन्सनने 1863 आणि 1866 मध्ये मुंबईच्या जातीजमातींचे दोन खंड काढले. माणसं स्टुडिओत टिपायची आणि छापताना त्यांच्यामागे दुसऱ्याच जागेची तसबीर जोडायची, अशी त्याची युक्ती. म्हणजे चौकट इथेही खोटी, पण तिचं काम माणसाला ‘नमुना’ करणं. अब्बास अलीच्या बायका कितीही मुक्या असल्या तरी नमुना होत नाहीत. त्या ग्राहकाकडे पाहावं तशा पाहतात.

1857 नंतर इंग्रजांनी लखनौत रुंद रस्ते काढले आणि हजरतगंजाला विलायती बाजारपेठेचं रूप दिलं. कोठे चौकातच राहिले. फोटो काढून घेणारा वर्ग गंजाकडे वळला. जी. डब्ल्यू. लॉरी यांची कंपनी लखनौ आणि नैनितालमध्ये चालली, पुढे सी. मल यांचा स्टुडिओ गंजात नावाजला. तोवर कोरडी काच आली होती आणि मग फिल्म. सेकंदाचे अंश पुरू लागले, लोखंडी चिमटा अडगळीत गेला. आता हसायला हरकत नव्हती. पण लोक हसले नाहीत. फोटोत गंभीर दिसणं ही आता शिस्त झाली होती आणि हात खुर्चीवर ठेवणं हा रिवाज. जे यंत्राच्या मर्यादेने शिकवलं ते घराण्याने जपलं.

खरा भाव तोवर दुसऱ्याच वाटेने निघाला होता. लखनौच्या कथकमधल्या बिंदादीन महाराजांच्या घराण्यात शंभू महाराज बसून अभिनय करण्यासाठी ख्यातनाम झाले. त्यांचे भाऊ लच्छू महाराज यांच्याकडे आणि लखनौच्या भातखंडे महाविद्यालयात शिकवणाऱ्या मोहनराव कल्याणपूरकरांकडे पुण्याच्या रोहिणी भाटे शिकल्या. ते महाविद्यालय 1926 मध्ये विष्णु नारायण भातखंडे यांच्याच पुढाकाराने मॅरिस कॉलेज म्हणून सुरू झालेलं. रोहिणीताईंनी 1947 मध्ये पुण्यात नृत्यभारती काढली. कथकच्या वर्गात मुली बसून भाव करतात ते पाहिलं की कळतं, 1874 च्या काचेवर काय उतरू शकलं नाही. चांगला नृत्यछायाचित्रकार आज भाव टिपत नाही, एका भावातून दुसऱ्यात जातानाची फट टिपतो. सिनेमाने ते आधी साधलं. ‘देवदास’मध्ये बिरजू महाराजांनी बसवलेल्या ‘काहे छेड मोहे’त माधुरी दीक्षितच्या चेहऱ्यावर कॅमेरा का थांबतो, हे या वंशावळीत बसवून पाहावं.

गेल्या हिवाळ्यात मी गंजात संध्याकाळी फिरत होते. दुकानांच्या पाट्या काळ्या-पांढऱ्या, एकसारख्या, दिव्यांचे खांब जुन्या विलायती घाटाचे. एका खांबाजवळ लग्न ठरलेल्या जोडप्याचं शूटिंग चाललेलं. फोटोवाल्याच्या कॅमेऱ्यात सेकंदाचा हजारावा भाग मावत होता. मुलगी खळखळून हसत होती, ते त्याला पसंत पडेना. ‘‘थोडा कम,’’ तो म्हणाला, ‘‘और हाथ कहीं टिका लीजिए.’’ तिने हात खांबावर ठेवला.