आयर्लंडबाहेरील गेलिक खेळ : विस्तार की विस्थापन?

एखाद्या देशाचे खेळ त्याच्या सीमा ओलांडून परमुलखात खेळले जाऊ लागले, म्हणजे त्यास त्या खेळांचा 'विस्तार' असे म्हणण्याचा प्रघात आहे. हा शब्द वापरताना एक गोष्ट आपण नकळत गृहीत धरतो. ती ही की, मायदेशी एखादी चळवळ बळावली आणि ते बळ ओसंडून बाहेर गेले. क्रिकेटच्या बाबतीत हे गृहीत बऱ्याच अंशी यथार्थ आहे. साम्राज्याच्या पलटणी, शाळा आणि जिमखाने यांच्या पाठोपाठ तो खेळ जगभर गेला. आयर्लंडच्या गेलिक खेळांचा इतिहास मात्र याच्या नेमका उलट आहे. हे खेळ सत्ता गाजवावयास निघालेल्यांनी नव्हे, तर पोटासाठी देश सोडावा लागलेल्यांनी बाहेर नेले. म्हणून परदेशांतील गेलिक संघांची वाढती संख्या ही राष्ट्रीय चळवळीच्या यशाची गणती मानावी, की मायदेशाच्या हानीची, असा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकापुढे उभा राहतो. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

प्रथम या खेळांचे स्वरूप थोडक्यात सांगणे अवश्य आहे. गेलिक खेळांत हर्लिंग व गेलिक फुटबॉल हे दोन प्रमुख होत. स्त्रिया हर्लिंगचा जो प्रकार खेळतात त्यास कमोगी म्हणतात. हर्लिंग हा अतिप्राचीन खेळ असून तो ॲश वृक्षाच्या लाकडापासून केलेल्या, टोकाशी रुंद पाते असलेल्या काठीने व लहानशा कातडी चेंडूने खेळतात. दोन्ही खेळांत प्रत्येक बाजूस पंधरा खेळाडू असतात. चेंडू आडव्या दांडीखालून जाळ्यात गेल्यास गोल होतो व त्याचे तीन गुण धरतात. दांडीवरून दोन खांबांमधून गेल्यास एक गुण मिळतो; मात्र फुटबॉलमध्ये २०२५ पासून चाळीस मीटरच्या कमानीबाहेरून मारलेल्या अशा फटक्यास दोन गुण धरतात. खेळाडूंना वेतन नसते. क्लब हा बहुधा एका पॅरिशचा, म्हणजे चर्चभोवतीच्या पंचक्रोशीचा असतो, आणि वरच्या पातळीवरील संघ काउंटीचा असतो. खेळाडूची निष्ठा विकत घेता येत नाही, ती जन्मभूमीशी जडलेली असते, हे या खेळांचे मुख्य लक्षण होय. असे भूमिनिष्ठ खेळ भूमी सोडल्यावर टिकले कसे, हीच खरी कुतूहलाची गोष्ट आहे.

१ नोव्हेंबर १८८४ रोजी टिपरेरी काउंटीतील थर्ल्स या गावी हेज यांच्या हॉटेलात मायकेल क्यूसॅक, मॉरिस डॅव्हिन आणि त्यांचे मोजके सहकारी यांनी गेलिक ॲथलेटिक असोसिएशनची स्थापना केली. कॅशेलचे आर्चबिशप क्रोक, चार्ल्स स्ट्युअर्ट पार्नेल आणि मायकेल डॅव्हिट हे तिचे आश्रयदाते झाले. धर्मसंस्था, संसदीय राजकारण आणि जमीनविषयक चळवळ या तिन्ही शक्तींचा पाठिंबा तिला लाभला, हे या नावांवरून दिसून येते. इंग्रजी खेळांच्या आक्रमणापासून देशी खेळांचे रक्षण करणे, हा तिचा उद्घोषित हेतू होता.

परंतु ज्या देशात ही संस्था जन्मास आली तो देश त्या वेळी रिता होत चालला होता. १८४१ च्या जनगणनेत आयर्लंडची लोकसंख्या सुमारे ८२ लाख होती. १८४५ साली बटाट्याच्या पिकावर पडलेल्या रोगामुळे जो महादुष्काळ ओढवला, त्यात सुमारे दहा लाख लोक मृत्युमुखी पडले आणि निदान तितकेच देशांतरास गेले. दुष्काळ सरला तरी देशत्यागाचा ओघ थांबला नाही. १९११ साली लोकसंख्या सुमारे ४४ लाखांवर आली होती. सारांश, असोसिएशनच्या स्थापनेच्या वेळीच आयरिश समाजाचा एक मोठा भाग समुद्रापलीकडे होता.

या वस्तुस्थितीचा पहिला प्रत्यय १८८८ साली आला. प्राचीन टेल्टन क्रीडामहोत्सवाच्या पुनरुज्जीवनासाठी निधी जमवावा, या उद्देशाने सुमारे पन्नास हर्लिंगपटू व मैदानी खेळाडू अमेरिकेच्या दौऱ्यावर गेले. तेथे अध्यक्षीय निवडणुकीची धामधूम चालू होती, क्रीडासंस्थांमध्ये आपसांत तंटे होते, आणि अपेक्षित प्रेक्षक आले नाहीत. निधी जमणे दूरच राहिले. दौऱ्यावरील मंडळींना परत आणण्यासाठी डॅव्हिट यांना पदरचे पैसे उसने द्यावे लागले. याहून अर्थपूर्ण गोष्ट ही की, गेलेल्या खेळाडूंपैकी कित्येक जण परतलेच नाहीत. खेळाच्या प्रचारार्थ गेलेला संघ स्वतःच देशांतरितांत जमा झाला. पुढील शतकाचा इतिहास या एका प्रसंगात बीजरूपाने सामावलेला आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

देशांतरितांनी हे खेळ केवळ जतन केले, असा समज असल्यास लंडनचे उदाहरण तो दूर करील. तेथील गेलिक मंडळ १८९६ साली स्थापन झाले. नवीन शतकाच्या आरंभी काही वर्षे अखिल आयर्लंड स्पर्धेच्या अंतिम फेरीत मायदेशातील विजेत्याची गाठ लंडनच्या संघाशी पडत असे. १९०१ सालच्या हर्लिंग स्पर्धेचा अंतिम सामना प्रत्यक्षात १९०३ मध्ये डब्लिन येथे झाला आणि त्यात लंडनने कॉर्कचा पराभव केला. त्याच काळात सॅम मॅग्वायर हा पोस्टखात्यातील नोकरदार लंडनच्या हायबर्नियन्स संघाचे फुटबॉलमध्ये नेतृत्व करीत होता. तो कॉर्क काउंटीतील प्रॉटेस्टंट कुटुंबातला असून आयरिश रिपब्लिकन ब्रदरहुड या गुप्त क्रांतिसंघटनेचा कार्यकर्ता होता. १९०९ साली त्याने ज्या तरुणास त्या संघटनेत आणले, तो मायकेल कॉलिन्सदेखील लंडनमध्ये पोस्टाच्या सेव्हिंग्ज बँकेत कारकुनी करीत होता व हर्लिंग खेळत होता. परक्या राजधानीतील क्रीडांगण हे स्वातंत्र्ययुद्धाच्या कार्यकर्त्यांचे संमीलनस्थान बनले, ते असे.

आज आयर्लंडमध्ये फुटबॉलच्या अजिंक्यपदाचे चिन्ह सॅम मॅग्वायर चषक आहे; तो १९२८ पासून दिला जातो. हर्लिंगचे अजिंक्यपद लियम मॅकार्थी चषकाने दर्शविले जाते. तो १९२१ च्या स्पर्धेपासून चालू आहे. यांपैकी मॅकार्थी हे आयरिश आईबापांच्या पोटी लंडनमध्येच जन्मले होते. मायदेशातील दोन सर्वोच्च पारितोषिकांना लंडनवासी आयरिशांची नावे असावीत, ही गोष्ट मोठी सूचक आहे. केंद्राने परिघ घडविला, एवढेच म्हणून येथे भागत नाही. परिघानेही केंद्र घडविले, असे म्हणणे प्राप्त होते.

न्यूयॉर्कचा इतिहास याच दिशेने जातो. तेथील गेलिक मंडळ १९१४ मध्ये स्थापन झाले. पुढे ब्राँक्स भागातील जे मैदान गेलिक पार्क या नावाने प्रसिद्धीस आले, ते नवागत आयरिश माणसाला केवळ खेळाची जागा म्हणून उपयोगी पडत नसे. नोकरी कोठे मिळेल, खोली कोणाकडे आहे, गावाकडची खबर काय, या सर्व प्रश्नांची उत्तरे रविवारी दुपारी तेथे मिळत. काउंटीच्या नावाने बांधलेला संघ म्हणजे परक्या शहरात उभी केलेली आपली पंचक्रोशीच होय.

१९२९ नंतरची मंदी आणि दुसरे महायुद्ध यांमुळे येणाऱ्यांचा ओघ आटला, तसे तेथील खेळही क्षीण झाले. त्यांना नवजीवन मिळावे व दुष्काळातील सर्वांत भीषण वर्षाच्या, म्हणजे १८४७ च्या शताब्दीचे स्मरण व्हावे, या हेतूने क्लेअर काउंटीचे कॅनन मायकेल हॅमिल्टन यांनी अंतिम सामना अमेरिकेत भरविण्याचा आग्रह धरला. बराच विरोध होऊनही तो मान्य झाला. १४ सप्टेंबर १९४७ रोजी न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर सुमारे ३५ हजार प्रेक्षकांसमक्ष कॅव्हनने केरीचा २ गोल ११ गुण विरुद्ध २ गोल ७ गुण असा पराभव केला. अखिल आयर्लंड स्पर्धेचा अंतिम सामना देशाबाहेर झाल्याचे हे एकमेव उदाहरण आहे. मायकेल ओहेहिर यांचे धावते वर्णन समुद्रापलीकडून आयर्लंडमधील घराघरांत ऐकले गेले. सामना लांबत चालला आणि ध्वनिवाहिनीची ठरलेली मुदत संपत आली, तेव्हा आणखी पाच मिनिटे द्यावीत, अशी विनवणी त्यांनी त्या वर्णनाच्या ओघातच केली. पुढे १९५०, १९६४ व १९६७ या वर्षी न्यूयॉर्कच्या संघाने फुटबॉलची राष्ट्रीय लीगही जिंकली.

या वैभवाचा आधार किती अस्थिर होता, हे लवकरच कळून आले. अमेरिकेच्या १९६५ च्या कायद्याने देशनिहाय कोट्याची जुनी पद्धत मोडीत निघाली आणि आयरिश लोकांना तेथे स्थायिक होणे पूर्वीपेक्षा कठीण झाले. १९८० नंतरच्या दशकात मायदेशी बेकारी वाढली, तेव्हा परवान्यावाचून राहणाऱ्या तरुणांनी संघ पुन्हा भरून गेले. १९९० नंतर आयर्लंडला समृद्धी आली, तेव्हा तो ओघ पुन्हा ओसरला. आणि २००८ च्या आर्थिक अरिष्टानंतर ऑस्ट्रेलिया, कॅनडा व आखाती देश यांतील संघ वाढीस लागले. तात्पर्य, परदेशातील खेळाची भरती ही मायदेशातील ओहोटीच होती. ज्या वर्षी सिडनीत नवा संघ उभा राहतो, त्या वर्षी पश्चिम आयर्लंडमधील एखाद्या पॅरिशला पंधरा खेळाडू जमविणे अवघड जाते.

या नात्याचे बोलके उदाहरण लेट्रिम काउंटी हे होय. १८४१ साली तिची लोकसंख्या सुमारे १ लाख ५५ हजार होती. २०२२ च्या जनगणनेत ती सुमारे ३५ हजार भरली. लंडनच्या संघाला १९७५ पासून कॉनक्ट प्रांताच्या फुटबॉल स्पर्धेत स्थान मिळाले. त्याने पहिला विजय १९७७ मध्ये मिळविला, तो लेट्रिमविरुद्ध. २०१३ मध्ये लंडन प्रांतिक अंतिम फेरीस पोहोचले, तेही लेट्रिमला हरवून. न्यूयॉर्कला याच स्पर्धेत १९९९ पासून प्रवेश मिळाला आणि पहिला विजय २०२३ मध्ये पेनल्टीच्या निर्णयाने लाभला. प्रतिपक्ष पुन्हा लेट्रिमच. ज्या भूमीने आपली मुले सर्वाधिक प्रमाणात बाहेर धाडली, तिलाच बाहेर गेलेल्यांच्या संघांकडून वारंवार हार पत्करावी लागली. यास निव्वळ योगायोग म्हणता येणार नाही.

ओघ थांबला आणि स्थानिक मुळेही धरली नाहीत म्हणजे काय होते, हे अर्जेंटिनाने दाखवून दिले आहे. ब्यूनॉस आयरिस येथे 'सदर्न क्रॉस' या आयरिश वृत्तपत्राचे संपादक विल्यम बुल्फिन यांच्या पुढाकाराने १९०० साली हर्लिंगचा क्लब निघाला. पहिल्या महायुद्धापर्यंत तेथे खेळ उत्साहाने चालला होता. युद्धामुळे आयर्लंडहून काठ्या येणे बंद झाले. तद्देशीय ॲश वृक्षाचे लाकूड वापरून पाहिले. पण ते जड व कमी लवचीक ठरले. युद्धानंतर खेळ पुन्हा सुरू झाला, तथापि पूर्वीचा बहर परत आला नाही आणि दुसऱ्या महायुद्धाने उरलेसुरले बळही नाहीसे केले. तो क्लब आजही आहे, त्याच्या नावात हर्लिंग हा शब्दही आहे. परंतु त्याचे सभासद मुख्यतः हॉकी व रग्बी खेळतात. ज्या परदेशी खेळांत भाग घेण्यास असोसिएशनने आपल्या सभासदांना १९७१ पर्यंत बंदी केली होती, त्यांतलेच हे दोन. प्रेम असूनही, केवळ योग्य लाकूड आणि नवी माणसे यांच्या अभावी परंपरा कशी लोपते, याचे याहून स्पष्ट उदाहरण क्वचितच सापडेल.

गेल्या तीन दशकांत मात्र एक निराळी प्रक्रिया सुरू झालेली आहे. १९९६ मध्ये मनिला येथे आशियाई गेलिक स्पर्धांचा आरंभ झाला. १९९९ मध्ये युरोप खंडासाठी स्वतंत्र मंडळ स्थापन झाले. पूर्ण मापाची मैदाने नसल्यामुळे तेथे रग्बी किंवा फुटबॉलच्या मैदानावर अकरा, नऊ अथवा सात खेळाडूंचे संघ खेळतात. फ्रान्समधील ब्रिटनी व स्पेनमधील गॅलिसिया या प्रदेशांत, जेथील लोक आपल्या केल्टिक वारशाचा अभिमान बाळगतात, कित्येक संघांत आयरिश खेळाडू नाममात्रच आढळतात. अमेरिकेतील मिलवॉकी येथील हर्लिंग क्लबही बहुतांशी अमेरिकेतच जन्मलेल्या खेळाडूंवर चालतो. २०१५ मध्ये अबू धाबी येथे पहिल्या जागतिक गेलिक स्पर्धा झाल्या, आणि नंतरच्या स्पर्धांत आयर्लंडबाहेर जन्मलेल्यांसाठी वेगळा विभाग ठेवण्यात आला. ही वर्गवारी वरकरणी व्यवस्थेची बाब वाटली तरी तिचा अर्थ खोल आहे. पंचक्रोशीच्या निष्ठेवर उभ्या असलेल्या संस्थेने, त्या पंचक्रोशीशी काहीही नाते नसलेल्या खेळाडूचे अस्तित्व येथे प्रथमच पद्धतशीरपणे मान्य केले.

येथे एक आक्षेप संभवतो. ज्यांना ना ती भाषा येते, ना त्या भूमीचा इतिहास आपला वाटतो, अशांच्या हाती हर्लिंगची काठी गेल्यावर १८८४ च्या संस्थापकांचा हेतू उरला कोठे? आक्षेप निराधार नाही. राष्ट्रीय अस्मितेचे साधन म्हणून जे निर्माण झाले, ते निव्वळ क्रीडा म्हणून उरणे, यात काही गमावले जाते हे खरे. परंतु अर्जेंटिनाचा अनुभव समोर ठेवला असता पर्याय कोणता, हेही पाहिले पाहिजे. केवळ देशांतरितांच्या स्मृतीवर जगणारा खेळ दुसऱ्या वा तिसऱ्या पिढीत विरून जातो. आणि तो विरू नये असे वाटत असेल, तर मायदेशातून नवे तरुण सतत बाहेर पडत राहिले पाहिजेत. असा विस्तार कोणता देशभक्त इच्छील?

म्हणून गेलिक खेळांच्या परदेशांतील प्रगतीचे मोजमाप संघांच्या संख्येवरून करणे योग्य नव्हे. ती संख्या पुष्कळदा बेकारीची आणि बंद पडलेल्या घरांची असते. खरी कसोटी ही की, आयर्लंडमधून एकही नवा तरुण न येता एखादा संघ पंधरा वर्षे टिकतो काय. या कसोटीस ब्रिटनीतील व मिलवॉकीतील संघ उतरू लागले आहेत. २०२३ मध्ये लेट्रिमला हरविणाऱ्या न्यूयॉर्कच्या संघातही अमेरिकेतच वाढलेले काही खेळाडू होते. विस्थापनाने सुरू झालेला हा इतिहास प्रथमच विस्तार या नावास पात्र होत आहे, आणि तोही अशा लोकांच्या हातून, ज्यांना घर सोडण्याचे दुःख भोगावे लागलेले नाही.